जुन्या मराठी पुस्तकांची ऑनलाइन नोंद: गुडरीड्स की लायब्ररीथिंग?

घरातल्या पुस्तकांची यादी ऑनलाइन करायची आहे, पण करू कुठे, असं अलीकडे दोघा-तिघींनी मला विचारलं. माझं मत आधीच सांगते: कपाटात मराठी पुस्तकं जास्त असतील आणि त्यातही जुनी असतील, तर लायब्ररीथिंग. गुडरीड्स आणि लायब्ररीथिंग, दोन्ही आपल्या पुस्तकांची यादी ठेवायच्या वेबसाइट आहेत.

नागपूरच्या धरमपेठेतल्या आमच्या घरी बाबांच्या वेळपासूनची सातशेवर पुस्तकं आहेत. उन्हाळ्यात कूलर सुरू झाला की दमटपणाने पानं फुगतात, म्हणून दरवर्षी कपाट रिकामं करून दुसऱ्या खोलीत हलवावं लागतं. मागच्या मे महिन्यात त्याच निमित्ताने नोंदी करायला घेतल्या. नवी पुस्तकं भराभर झाली. मोबाइलचा कॅमेरा बारकोडवर धरला की नाव, लेखक, मुखपृष्ठ आपोआप येतं, आणि ही सोय दोन्हीकडे आहे.

खरी परीक्षा पुढे होती. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख-क्रमांक (बारकोडमध्ये तोच असतो), हे आंतरराष्ट्रीय मानक १९७० मध्ये ठरलं, पण आपल्याकडच्या छोट्या प्रकाशकांपर्यंत ते पोचायला बराच काळ गेला. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवरच्या स्टॉलांवरून आणलेल्या पुस्तिका, संस्थांच्या स्मरणिका, गौरवग्रंथ, दिवाळी अंक... आमच्याकडच्या यातल्या बहुतेकांवर क्रमांकच नाही. त्यांची नोंद हातानेच करावी लागते.

इथे दोन्ही ठिकाणांचा स्वभाव वेगळा पडतो. गुडरीड्सवर पुस्तकाची नोंद सगळ्यांची मिळून एकच असते. त्यातली चूक सुधारायची तर 'लायब्ररियन'चे अधिकार हवेत, नाहीतर ज्यांच्याकडे ते आहेत त्यांना विनंती करायची. लायब्ररीथिंगवर तुमच्या प्रतीची नोंद तुमची असते. नाव देवनागरीत लिहा, आवृत्ती टाका, मुखपृष्ठाचा फोटो काढून चढवा, पुस्तक कुठून घेतलं आणि कोणाला वाचायला दिलं तेही लिहा. 'पहिल्या पानावर बाबांची सही, किंमत साडेचार रुपये' असं मी एका पुस्तकापुढे लिहून ठेवलंय, आणि मला ती नोंद पुस्तकाइतकीच मोलाची वाटते. शिवाय एकाच लेखकाचं नाव देवनागरीत आणि रोमनमध्ये पडून त्याचे दोन लेखक झाले असतील, तर साधा सभासदही ते जोडू शकतो. मराठी यादीत हे सतत लागतं.

लायब्ररीथिंग २००५ चं. पूर्वी दोनशे पुस्तकांनंतर पैसे पडायचे. २०२० पासून घरगुती यादीला मर्यादा नाही. दिसायला मात्र ते जुनाट आहे, आणि मराठीत बोलणारं तिथे मला जवळजवळ कोणी भेटलं नाही.

माणसं हवी असतील तर गुडरीड्स. नव्या मराठी कादंबरीवर कोणीतरी मनापासून चार ओळी लिहिलेल्या तिथेच सापडतात, मित्रमंडळी काय वाचताहेत ते दिसतं, वर्षाचं वाचनाचं उद्दिष्ट ठेवता येतं. २०१३ पासून ते अ‍ॅमेझॉनच्या मालकीचं आहे, हे पटत नसेल तर स्टोरीग्राफ ही तशीच दुसरी वेबसाइट पाहा. तिथे पाव ताऱ्यापर्यंत गुण देता येतात, पुस्तकाचा मूडही नोंदवता येतो. इंग्रजी वाचणाऱ्यांसाठी चांगलं आहे. आमच्या कपाटासाठी त्याचा फारसा उपयोग झाला नाही.

राहिला व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. पुस्तकांवरच्या सगळ्यात जिवंत गप्पा मी तिथेच ऐकल्यात. पण दोन महिन्यांपूर्वी कोणी कोणतं पुस्तक सुचवलं होतं, ते शोधायला गेलं की हाती लागत नाही. म्हणून मी यादी लायब्ररीथिंगवर ठेवते आणि तिची लिंक ग्रुपवर टाकते. मग मैत्रिणी हवं ते मागून नेतात.

अजून ठरत नसेल तर सगळ्यात खालच्या कप्प्यातली, बारकोड नसलेली दहा पुस्तकं काढा आणि दोन्हीकडे नोंदवायचा प्रयत्न करून पाहा. एका दुपारीत कळेल. आणि निवड चुकली तरी घाबरू नका: गुडरीड्सवरची यादी फाइल म्हणून उतरवून लायब्ररीथिंगवर चढवता येते.