टी अँड सिम्पथी (1956) ची डीव्हीडी: घ्या, पण शेवटचं पत्र वेगळं धरून बघा

बरेच दिवस हा पिक्चर धड प्रिंटमध्ये बघायचा होता, शेवटी डिस्क हाती लागली आणि आठवड्याभरात तीनदा बघून झाला, म्हणून लिहितोय. गोष्ट पूर्ण सांगणार आहे, स्पॉयलर नको असतील तर आधी बघून या, कारण शेवटाबद्दल बोलल्याशिवाय या पिक्चरबद्दल काही बोलताच येत नाही.

आधी डिस्कबद्दल. पिक्चर सिनेमास्कोपमध्ये, म्हणजे खूप रुंद पडद्यासाठी काढलाय, आणि मी पहिल्यांदा टीव्हीवर बघितला तेव्हा दोन्ही बाजू कापलेल्या होत्या, अर्धा पिक्चर तिथेच गेला होता हे आता कळतंय. डिरेक्टर विन्सेंट मिनेली माणसं कुठे उभी करतो त्यातच निम्मी गोष्ट सांगून जातो, एका टोकाला पोरांचा घोळका, दुसऱ्या टोकाला गोष्टीतला मुलगा टॉम, मधे नुसती मोकळी जागा. ती जागा दिसली नाही तर टॉम किती एकटा पडलाय ते पोचतच नाही. रंग छान, आवाज स्वच्छ, 122 मिनिटं. मी घेतलेल्या डिस्कवर एक्स्ट्रा म्हणावं असं जवळपास काही नाही आणि हे मला फार लागलं, कारण या पिक्चरमागची भानगड पिक्चरइतकीच मोठी आहे.

मुळात हे रॉबर्ट अँडरसनचं नाटक. 1953 ला न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर आलं, एलिया कझाननं बसवलेलं, 712 प्रयोग झाले. अमेरिकेतल्या न्यू इंग्लंड भागातली मुलांची बोर्डिंग स्कूल, त्यातला सतरा-अठराचा टॉम ली, एका शिक्षकाबरोबर पोहायला गेलेला कुणाला तरी दिसतो आणि मग कुजबुज सुरू. लंडनमध्ये तर सेन्सॉरनं या नाटकाला जाहीर प्रयोगाची परवानगीच दिली नाही, 1957 ला सभासदांसाठीचा क्लब शो म्हणून करावं लागलं. एमजीएम स्टुडिओनं पिक्चर करायला घेतला तेव्हा हॉलिवूडचा प्रॉडक्शन कोड होता, म्हणजे पिक्चरमध्ये काय दाखवायचं नाही याचे नियम, 1934 पासून कडक लागू झालेला, आणि त्यात समलैंगिकता दाखवणं सोडाच, नुसती सुचवायलाही बंदी. म्हणजे ज्या संशयावर अख्खं नाटक उभं तो संशयच कशाचा ते बोलायचं नाही! मग शिक्षकाला गोष्टीतून उडवलं आणि त्याच्या जागी शिवणकाम आणलं.

हो, शिवणकाम. टॉम बीचवर शिक्षकांच्या बायकांमध्ये बसून सुईदोरा चालवतोय, गप्पा मारतोय, मजेत आहे, बाकीची पोरं हाउसमास्टरबरोबर, म्हणजे त्यांचं हॉस्टेल सांभाळणाऱ्या शिक्षकाबरोबर, दंगा करतायत. त्यातल्या दोघांना हा दिसतो आणि दिवस मावळायच्या आत टॉमचं नाव पडतं 'सिस्टर बॉय'. आपल्याकडे याला शब्द शोधायला लागत नाही, बायल्या. मी स्वतः आठवीत एका मुलाला हा शब्द म्हटलेला आहे, सगळे म्हणत होते म्हणून, आणि तो मुलगा नंतर मधल्या सुट्टीत वर्गातच बसून राहायचा. बीचचा सीन बघताना मला तोच आठवत होता, टॉमपेक्षा जास्त.

माझं म्हणणं असं आहे की कोडनं शब्द काढायला लावला आणि त्यामुळे पिक्चर काही बाबतीत नाटकापेक्षा धारदार झाला. नाटकात निदान काहीतरी घडलेलं असतं, कुणी काहीतरी बघितलेलं असतं. इथे काहीच नाही. बटण लावता येतं, गिटार वाजवतो, एकटा फिरतो, नाटकात बाईचं काम मिळालंय, केस जरा वाढलेत, बस एवढंच. टेनिसमध्ये शाळेत त्याच्या तोडीचं कुणी नाही तरी तेही मोजलं जात नाही, खेळायची पद्धतच म्हणे मर्दानी नाही. आरोप काय हे कुणी बोलत नाही, त्यामुळे टॉमला उत्तरही देता येत नाही. नाही म्हणायचं तर कशाला नाही म्हणायचं?

आता तो चालण्याचा सीन. फक्त यासाठी डिस्क घेतली तरी पैसे वसूल. टॉमचा रूममेट अल, डॅरिल हिकमननं केलाय, चांगला पोरगा, मनानं साधा, पण त्याच्या बापानं दम दिलाय की पुढच्या वर्षी टॉमबरोबर राहायचं नाही. त्याला वाईट वाटतंय, मदत करायची आहे, म्हणून तो टॉमला म्हणतो तू चालतोस ते जरा बदल. टॉम खोलीत इकडून तिकडे चालून दाखवतो. नाही, असं नाही. परत चालतो. आधी नीट चालत होता तो पोरगा, आता एकेक पाऊल मोजून टाकतोय, हात कुठे ठेवायचे कळत नाहीये, लाकडासारखा झालाय. मग टॉम म्हणतो तू चालून दाखव. आणि अल उठतो, दोन पावलं टाकतो आणि अडखळतो, कारण आता कुणीतरी बघतंय. मिनिटभरापूर्वी ज्याच्या चालण्याबद्दल कुणालाच शंका नव्हती तोच आता स्वतःच्या खांद्यांकडे बघतोय! मर्दासारखं चालणं म्हणजे काय हे त्या खोलीत दोघांनाही माहीत नाही. मी इथे पॉज करून बराच वेळ बसलो होतो.

बापाचा प्रसंग पण असाच. पोरांच्या त्रासाला कंटाळून टॉम स्वतःला सिद्ध करायला गावातल्या एली मार्टिन नावाच्या वेट्रेसकडे जातो, तीही त्याला तेच टोपणनाव ऐकवते आणि तो सुरी उचलून स्वतःचं बरंवाईट करायला जातो. बाप शाळेत येतो तेव्हा त्याला एवढंच कळलेलं असतं की पोरगं बाईकडे सापडलं, शाळेतून काढणार, आणि तो खूष असतो! छाती फुगवून आलेला असतो. मग त्याला कळतं की तिथे काही घडलंच नाही आणि त्याचा चेहरा पडतो. पोरगं मरता मरता वाचलं यावर नाही पडत, त्यावर पडतो. एडवर्ड अँड्र्यूजनं हे फार न ओरडता केलंय म्हणून जास्त बोचतं.

हाउसमास्टर बिल (लीफ एरिक्सन) सारखा मुलांच्या गराड्यात, त्यांना डोंगर चढायला नेणारा, बायकोजवळ मात्र थांबत नाही. नाटकात बायको लॉरा त्याला तोंडावर सांगते की टॉममध्ये तू जे छळतोयस त्याची भीती तुला स्वतःबद्दल आहे. पिक्चरमध्ये हे बरंच बोथट केलंय, पण एरिक्सनच्या वागण्यात ते उरलंय, लक्ष देऊन बघा. लॉराचा पहिला नवराही मर्द असल्याचं सिद्ध करण्यापायीच लढाईत मेलेला, त्यामुळे तिला टॉममध्ये तोच दिसत राहतो. लॉरा झालेल्या डेबोरा कारनं आणि टॉम झालेल्या जॉन करनं (इंग्रजी स्पेलिंग एकच, नातं काही नाही) हीच कामं स्टेजवर केलेली, एरिक्सननंही, त्यामुळे तिघं एकमेकांत इतके मुरलेत की नुसत्या थांबण्यातून सुद्धा काहीतरी कळतं.

आणि आता शेवट. हाउसमास्टरच्या बायकोनं मुलांना अधूनमधून चहा आणि सहानुभूती द्यायची, त्यापलीकडे पडायचं नाही अशी रीत, त्यावरून नाव. लॉरा ती रीत मोडते, जंगलात टॉमला जवळ करते आणि म्हणते की पुढे कधी याबद्दल बोलशील तेव्हा प्रेमानं बोल. हे वाक्य जगभर गाजलं. पण शिक्षकाच्या बायकोनं शाळेतल्या मुलाशी असं वागणं आज खटकतं आणि खटकायलाच हवं, ते करुणा म्हणून दाखवलंय म्हणून सोडून देता येत नाही. शिवाय याचा अर्थ काय होतो बघा, टॉम 'तसा' नाही हे एका बाईनं ठरवलं की मग तो सुटला. आणि तो खरंच तसा असता तर? मग पोरांनी केलेलं बरोबर होतं का? पिक्चर या प्रश्नापर्यंत येतो आणि मागे फिरतो, नाटकही फिरतं.

त्यावर कोडवाल्यांना हेही चाललं नाही, पाप केलं तर शिक्षा दिसली पाहिजे, म्हणून गोष्टीला आधी आणि शेवटी एक तुकडा जोडला. दहा वर्षांनी टॉम शाळेत परत येतो, आता लग्न झालेला, लेखक झालेला, आणि त्याला लॉराचं पत्र मिळतं की माझं चुकलं, संसार मोडला. दिवसभर पोराला छळणाऱ्या कुणालाही पत्र लिहावं लागत नाही, तिला लागतं. मला ते पत्र ऐकताना दर वेळी राग आला.

ज्यांना हा विषय पुढे बघायचा आहे त्यांनी विल्यम वायलरचे दोन पिक्चर पाठोपाठ लावा, 'दीज थ्री' (1936) आणि 'द चिल्ड्रन्स अवर' (1961). एकच नाटक, मुलींच्या शाळेतल्या दोन शिक्षिकांवर आळ येतो त्याचं. पहिल्यात कोडमुळे आळच बदलून टाकला, एका पुरुषावरून भानगड केली, दुसऱ्यात मूळचा आळ परत आला. 1961 मध्येच कोड सैल झाला. पण तिथेही जिला आपण खरंच तशा आहोत असं कळतं ती गळफास घेते. म्हणजे बोलायला परवानगी मिळाली, जगायला नाही.

रेटिंग द्यायचं तर पिक्चरला साडेचार, डिस्कला साडेतीन, एक्स्ट्रासाठी कापलेत. नाटकाचं स्क्रिप्ट मिळालं तर तेही वाचा. त्यात तो शिक्षक आहे, डेव्हिड हॅरिस. नोकरी गेल्यावर तो टॉमच्या खोलीवर येतो, घाबरलेला, डीनला तू काही सांगितलंस का एवढंच विचारायला, आणि मग निघून जातो. त्याला चहा कुणी विचारत नाही. पिक्चरमध्ये तर तो नाहीच.