एआर दुकानात आणायचंय: ॲप, फोनचा व्ह्यूअर की वेब-एआर?

सोफा आपल्या खोलीत बसेल का, चष्मा चेहऱ्याला शोभेल का, हे ग्राहकाला खरेदीआधी दाखवायचं तर आज तीन वाटा आहेत. तिन्ही 'एआर' (ऑगमेंटेड रिॲलिटी, म्हणजे कॅमेऱ्यात दिसणाऱ्या खऱ्या जागेत आभासी वस्तू दाखवणं) याच नावाने विकल्या जातात, पण त्या एकमेकींना पर्याय नाहीत.

स्वतःच्या ॲपचं आधी आटोपतो. ॲपलचं एआरकिट, म्हणजे आयफोनच्या ॲपमध्ये एआर घालण्याचं साधन, 2017 साली आलं आणि त्याच वर्षी आयकियाने 'आयकिया प्लेस' बाजारात आणलं. अचूकपणात ॲप आजही पुढे आहे. लायडार (प्रकाशाने अंतर मोजणारा सेन्सर) असलेल्या आयफोनवर समोरची खरी खुर्ची आभासी टेबलाला झाकूही शकते. पण एक दिवा घ्यायला आलेला माणूस त्यासाठी ॲप उतरवून घेणार नाही. ग्राहक पुन्हा पुन्हा येत असतील आणि तुमचं ॲप त्यांच्या फोनमध्ये आधीच असेल, तरच हा खर्च करा.

दुसरी वाट साधी, आणि माझ्या मते बहुतेक दुकानांना पुरेशी. वस्तूच्या पानावर एक बटण द्यायचं. ते दाबलं की फोनचा स्वतःचा व्ह्यूअर, म्हणजे वस्तू खोलीत ठेवून दाखवणारा पडदा, उघडतो: आयफोनवर क्विक लुक, अँड्रॉइडवर सीन व्ह्यूअर. वस्तूच्या थ्रीडी मॉडेलची पहिल्याला यूएसडीझेड फाइल लागते, दुसऱ्याला जीएलबी. गूगलचा 'मॉडेल-व्ह्यूअर' हा मोफत घटक वापरला तर पानाच्या कोडमधल्या एकाच टॅगमध्ये दोन्हींची सोय होते. यातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे कॅमेऱ्यातलं चित्र वेबसाइटकडे जातच नाही. ते काम फोनच करतो. आपल्या बेडरूमकडे कॅमेरा धरणाऱ्या माणसाला हे दिलासा देणारं आहे आणि दुकानाने ते बटणाशेजारी लिहावं. फर्निचर असेल तर आकार बदलण्याची सोय मात्र बंद ठेवा. बोटांनी लहान केलेलं कपाट कोपऱ्यात बसतं, घरी आलेलं बसत नाही.

पण हा व्ह्यूअर अँड्रॉइडवर चेहऱ्यावर चष्मा चढवत नाही, आणि त्याच्या पडद्यावर तुमच्या मनासारखं काही मांडायला फारसा वाव नाही. तिथे तिसरी वाट, म्हणजे सगळं पानातच करणारं वेब-एआर. अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये वेबएक्सआर या ब्राउझरच्याच सोयीतून एआर 2020 पासून चालतं. आयफोनच्या सफारीत ती सोय नाही. म्हणून दोन्हीकडे चालणारं काही हवं असेल तर कॅमेऱ्याच्या चित्रावरून जागा ओळखणारं वेगळं इंजिन, म्हणजे सॉफ्टवेअर, घ्यावं लागतं. झॅपार असं इंजिन विकतं. माइंडएआर मोफत आहे, ओपन सोर्स आहे. ते चेहरा आणि छापील चित्र ओळखतं, पण जमिनीवर वस्तू ठेवायला उपयोगी नाही. चष्मा, लिपस्टिक, वेष्टनावर जिवंत होणारं चित्र यांसाठी हीच वाट धरा. सोफ्यासाठी नको, कारण एका कॅमेऱ्याच्या चित्रावरून खरं माप काढणं अवघड असतं आणि सोफ्यात मापच तर बघायचं असतं.

कंत्राट करताना एक अट सोडू नका: मूळ थ्रीडी फाइली तुमच्या ताब्यात हव्यात. फेसबुक-इन्स्टाग्रामवरचे एआर इफेक्ट बनवण्याचा 'मेटा स्पार्क' हा मंच मेटाने जानेवारी 2025 मध्ये बंद केला, तेव्हा ब्रँडांनी त्यावर बनवून घेतलेले इफेक्टही गेले. जीएलबी फाइल हाताशी असेल तर मंच बदलला तरी काम वाया जात नाही. म्हणून पैसा ओतायचा तो मॉडेलवर: कापडाचा पोत, लाकडाचा खरा रंग, मिलिमीटरपर्यंत जुळणारं माप, आणि हे सगळं काही मोजक्या एमबीत. जड मॉडेल उघडेपर्यंत ग्राहक पान सोडून गेलेला असतो.

निवड पक्की करण्याआधी चाचणी साध्या, जुन्या अँड्रॉइड फोनवर घ्या, आणि तीही सोशल मीडियाच्या ॲपमधल्या जाहिरातीची लिंक दाबून. त्या ॲपच्या आतल्या ब्राउझरमध्ये कॅमेरा अनेकदा अडतो, आणि वेब-एआर घेणार असाल तर तिथूनच सगळ्यात जास्त माणसं येणार असतात.