५४ बाय ३ चे २४ पार: एका लग्नसराईनंतर

तुळशीच्या लग्नाआधी घेतलेले २४ पार, म्हणजे प्रत्येकी ३ वॅटच्या ५४ एलईडी चिपचे रंगीत स्टेजचे दिवे, आता ज्येष्ठापर्यंत वापरून झाले. नाशिकच्या गंगापूर रोड आणि औरंगाबाद रोडच्या लॉन्सवर मिळून चाळीसेक रिसेप्शन केली असतील. लिहायला बसलो ते शेवटच्या रिसेप्शनमुळे.

नवरीची पैठणी येवल्याहून विणून आणलेली, मोरपंखी, अंगभर जर. स्टेजवर आमचा आरजीबी (लाल-हिरवा-निळा) मिसळून केलेला ‘पांढरा’ पडला आणि जर मेली. चेहरे गुलाबीसर, हळदीची झाक गायब. नवरीची आई मागे येऊन म्हणाली, "दादा, पाच महिने मागावर होती हो ही." मला उत्तर सुचलं नाही. रात्री झोपही लागली नाही.

कारण सरळ आहे. लाल, हिरवा, निळा मिळून डोळ्याला पांढरं दिसतं, पण पिवळ्या-नारिंगीच्या जागी त्या उजेडात जवळपास काहीच नसतं. आणि सोन्याचं, जरीचं, आपल्या कातडीचं सगळं रूप त्याच पट्ट्यात. माझ्या नगांत पांढरी चिप आहे, पण ती थंड, निळसर. ॲम्बर, म्हणजे पिवळट-नारिंगी चिप, नाही. ॲम्बरवाला नग सहाशे रुपयांनी महाग होता, म्हणून मीच सोडला. ते सहाशे रुपये मला अजून टोचतात.

डिसेंबरमध्ये लिहिलं असतं तर या दिव्यांना शिव्याच घातल्या असत्या. मंगलाष्टकं संपली की दिवे आपोआप रंग बदलायचे, मधूनच झटके द्यायचे. तीनदा दुकानात नेले, तीनदा ‘नग चांगला आहे’ म्हणून परत. शेवटी कळलं, दोष दिव्यांचा नव्हताच. दिव्यांना सिग्नल द्यायला आम्ही साउंडवाल्याकडच्या माइकच्या वायरी जोडत होतो, त्याही पन्नास-पन्नास फुटांच्या. डीएमएक्सची, म्हणजे दिव्यांच्या सिग्नलसाठीच बनवलेली वायर घेतली, शेवटच्या दिव्यावर १२० ओहमचा टर्मिनेटर (सिग्नल उलटा फिरू न देणारा प्लग) लावला आणि त्या दिवसापासून एकदाही झटका नाही. दुकानदाराला हे पहिल्याच फेरीत सांगता आलं असतं. दोन नगांचे ड्रायव्हर (चिपला वीज देणारे सर्किट) मात्र खरंच गेले, जानेवारीत पहाटेपर्यंत दवात राहिले म्हणून. ‘पाणी लागलंय’ म्हणत वॉरंटी नाकारली. नग आयपी६५ चे, म्हणजे पाणी-धूळ आत न जाणारे, नाहीत, तिथे चूक माझीच. त्यानंतर रात्री बारानंतर दिवे उघड्यावर ठेवत नाही.

आणि तरी सांगतो, हॉल बदलतो तो यांच्यामुळेच. पत्र्याचा मोठा, ओका हॉल असतो, वर नुसते अँगल. खांबापासून फूटभर अंतरावर दिवा ठेवून तोंड सरळ वर केलं की खांब उंच होतो आणि पत्रा अंधारात जातो. पांढऱ्या कापडावर कोणताही रंग धरतो. झाडांवर लाल कधीच टाकू नका, हिरवं पान लाल उजेडात काळं पडतं. आंब्याच्या झाडाला हिरवा किंवा साधा पिवळा बल्ब बरा. वीजही वाचते: हजार वॅटच्या एका जुन्या पार कॅनच्या (बल्बवाल्या डब्याच्या दिव्याच्या) विजेत हे सहा दिवे चालतात, जनरेटरवाल्याशी भाव करताना हेच कामी येतं.

म्हणजे भिंतीला, खांबाला, कापडाला हे नग उत्तम. माणसांवर मात्र नकोत. गोडाऊनमधून वडिलांच्या काळातले ५०० वॅटचे चार हॅलोजन काढले, समोरून स्टेजवर मारले. गरम होतात, जनरेटरवर दोन किलोवॅट वाढतात, पण जर जरीसारखी दिसते आणि नवरी नवरीसारखी. पुढच्या सीझनला ॲम्बरवाले सहा नग फक्त स्टेजसाठी घेणार आहे, पैसे बाजूला काढलेत.

त्या नवरीच्या आईच्या धाकट्या मुलीचं लग्न मार्गशीर्षात आहे. काम आमच्याकडेच दिलंय. त्यांना म्हटलंय, पैठणी विणून आली की आधी गोडाऊनवर घेऊन या, दिव्याखाली धरून बघू.