जुना डीजी, सरप्लस डीजी की भाड्याचा? जिनिंगवाल्यांनी टोकन देण्याआधी

कापसाचा हंगाम तोंडावर आला की जिनिंगवाल्याला डीजी सेट, म्हणजे डिझेल जनरेटर, आठवतो. नवा सेट बजेटात बसत नाही, मग दलाल दोन पर्याय पुढे करतो: हॉस्पिटल-मॉलमध्ये स्टँडबाय म्हणून वापरलेला जुना सेट, नाहीतर रखडलेल्या प्रोजेक्टवर न चालता पडून राहिलेला सरप्लस. ‘सरप्लस म्हणजे नवाच समजा नं भाऊ’ हे वाक्य सोबत फुकट मिळतं. माझं मत उलट आहे. यवतमाळ-वर्ध्याकडच्या तालुक्याच्या गावी, वर्षातले चार-पाच महिने चालणाऱ्या कारखान्याला नीट सांभाळलेला जुना सेट पडून राहिलेल्या सरप्लसपेक्षा बहुतेकदा बरा.

सरप्लसचं इंजिन झिजलेलं नसतं, हे खरं. पण यंत्र पडूनही खराब होतं. दोन-तीन पावसाळे उघड्यावर काढले तर अल्टरनेटरच्या वाइंडिंगमध्ये ओल धरते, उंदीर वायरी कुरतडतात, टाकीतल्या डिझेलचा चिकटा पंप-इंजेक्टरमध्ये बसतो, रबरी होज कडक होतात. वॉरंटी बहुधा संपलेली असते. म्हणून सरप्लस बघायला जाताना वायरमनला ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन तपासायचा मीटर) घेऊन यायला सांगा. रीडिंग एक मेगाओमच्या खाली आलं तर वाइंडिंग सुकवल्याशिवाय सेट चालू करूच देऊ नका. इतकी वर्षं सेट शेडखाली होता का, अधूनमधून इंजिन फिरवलं होतं का, हेही विचारा. शेडखाली होता, मेगर चांगला आला आणि भाव जुन्याच्या जवळपास असेल, तर मीही सरप्लसच घेईन.

जुन्या सेटचं पाणी जोखायला डोळे लागतात. सेट किती तास चालला ते दाखवणारा अवरमीटर बदलता येतो, त्यामुळे त्याच्या आकड्यावर भिस्त नको. बी-चेकची, म्हणजे ऑईल-फिल्टर बदलायच्या ठरावीक सर्व्हिसची, बिलं मागा. पोहोचल्या पोहोचल्या इंजिनच्या ब्लॉकला हात लावा. कोमट लागला, तर तुम्ही येण्याआधी तापवून ठेवलेला असू शकतो. चहा प्या, गार होऊ द्या, मग सेल्फ मारायला सांगा. डिपस्टिकवरचं ऑईल दुधाळ दिसलं तर पाणी ऑईलमध्ये उतरतंय. सेट गरम झाल्यावर ऑईल भरायचं झाकण सैल करून बघा. तिथून धुराचे भपकारे आले तर रिंगा-लायनर गेले.

हॉस्पिटलच्या सेटमध्ये एक खोट असते. आठवड्याला दहा मिनिटं रिकामा चालवल्यामुळे एक्झॉस्टच्या जोडावर काळे, तेलकट ओघळ दिसतात. त्यांना घाबरू नका, पण दोन-तीन तास भरपूर लोडवर चालवून धूर साफ होतो का ते बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. मोबाइल टॉवरवरचे सेट मात्र सोडा. ते लहान असतात आणि खूप चाललेले असतात.

लोड टेस्टला पर्याय नाही. १२५ केव्हीएचा सेट म्हणजे १०० किलोवॅट. साध्या गव्हर्नरच्या (इंजिनचा वेग सांभाळणाऱ्या भागाच्या) सेटवर रिकामं असताना ५२ हर्ट्झच्या आसपास आणि पूर्ण लोडला ५० दिसायला हवेत. डायरेक्ट स्टार्टवर मोटर चालू होताना सहापट करंट ओढते, त्यामुळे गाठी बांधायच्या प्रेसची मोठी मोटर उचलताना सेट किती दबतो ते बघा.

डिझेलचा हिशेब भावापेक्षा मोठा आहे. ७५ टक्के लोडवर असा सेट तासाला साधारण २० लिटर पितो. थकलेल्या इंजिनने दोनच लिटर जास्त प्यायले, तरी ३०० तासांच्या हंगामात ६०० लिटर गेले. लिटरला ९० रुपये धरले तर ५४ हजार.

नवा सेट का नको, हा प्रश्न उरतो. १ जुलै २०२३ पासून ८०० किलोवॅटपर्यंतचे नवे सेट केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सीपीसीबी-४ प्लस नियमांप्रमाणे बनतात. धूर कमी, पण सेन्सर आणि ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) आले. फॉल्ट काढायला लॅपटॉपवाला इंजिनिअर लागतो, आणि ऐन हंगामात तो वणीला कधी पोहोचेल ते तुम्हीच सांगा. जुन्या सेटांत बऱ्याच ठिकाणी साधा पंप असतो, तो गावचा मिस्त्री उघडतो. सेट रोज सहा-आठ तास चालवायचा असेल तर मात्र कर्ज काढून नवाच घ्या. आणि हंगामात लाइट मोजकीच जात असेल, तर भाड्याचा आणा, विषय संपला.

सरकारी कंपन्यांचा जुना माल एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या ई-लिलावात मिळतो. भाव मोहात पाडतो, पण विक्री ‘जसं आहे, जिथे आहे’ या अटीवर असते. अनामत भरायची, मुदतीत उचलायचं, क्रेन-ट्रेलर तुमचा. आधी पाहणी करता येत नसेल तर बोली लावू नका.

सेट कुठलाही असो, बसवायची जागा आधी ठरवा. रुईचे तंतू रेडिएटरच्या जाळीत बसले की ४५ अंशांत इंजिन तापलंच समजा, आणि गरम सायलेन्सरजवळ कापूस म्हणजे आगीला आमंत्रण. बिलावर इंजिन आणि अल्टरनेटर दोन्हींचे नंबर लिहून घ्या, नेमप्लेटशी ताडून बघा. विद्युत निरीक्षकाच्या कार्यालयात आणि प्रदूषण मंडळाच्या संमतिपत्रात नोंदीचं आधी विचारा. आणि २० टक्के रक्कम तुमच्या शेडमध्ये लोड टेस्ट होईपर्यंत अडवून ठेवा. विकणारा कुरकुरेल, पण सेटवर भरवसा असलेला तयार होतो.