इंजिनची पॉवर काढायला ठराविक टक्के की कोस्टडाउन?

डायनोवर (चाकं रोलरवर फिरवून पॉवर मोजायचं यंत्र) चाकाला १७० बीएचपी दिसली, मग इंजिनची किती धरायची? सोपा मार्ग म्हणजे इंजिनपासून चाकापर्यंत १५ टक्के लॉस धरा, १७० भागिले ०.८५, झाले २००, मेहनत शून्य. पण ट्यूनिंगनंतर चाकाला २५५ आले की हाच हिशोब ३०० सांगतो, म्हणजे लॉस ३० वरून थेट ४५, आणि गिअरबॉक्स, टायर तर तेच आहेत ना!

कोस्टडाउनमध्ये रन संपल्यावर क्लच दाबून रोलर मंदावू द्यायचे, ते किती झपाट्याने मंदावतात त्यावरून ड्रॅग, म्हणजे गिअरबॉक्स-टायरचा अडथळा, निघतो, निदान काहीतरी मोजलेलं असतं म्हणून मला हेच पटतं. तरी लोड नसल्याने गिअरच्या दातांचं घर्षण पूर्ण पकडलं जात नाही, आणि गाडी डायनोला बांधायचे पट्टे जास्त आवळले तरी आकडा हलतो.

ढोबळ अंदाजाला टक्के चालतील, टायर-गिअरबॉक्स किती खातात ते बघायचं तर कोस्टडाउन, ट्यूनिंगचा फरक बघायचा तर त्याच डायनोवरचे चाकाचेच आकडे धरा.