जेट फ्युएलमधलं पाणी पकडणारी पिवळी कॅप्सूल : रोज वापरणाऱ्याचा रिव्ह्यू

मी एअरपोर्टवर बाउजरवर, म्हणजे फ्युएलच्या टँकरवर, काम करतो, विमानात फ्युएल भरायचं. वॉटर डिटेक्टर कॅप्सूल, जिला कामावर सगळे शेल कॅप्सूलच म्हणतात, ती रोज हातात असते म्हणून लिहितोय.

वस्तू एवढीशी, प्लॅस्टिकची, आत पिवळा कागद. 5 मिलीच्या सिरिंजच्या तोंडाला लावायची, सॅम्पलच्या जारमध्ये बुडवायची आणि दट्ट्या ओढायचा. मधला ओला झालेला भाग आणि कडेचा कोरडा भाग, दोन्हीचा रंग सारखाच पिवळा राहिला तर ओके, मध्ये हिरवट-निळसर दिसलं की काम थांबवायचं. 30 पीपीएम पाणी असलं तरी रंग स्पष्ट बदलतो, म्हणजे लाख थेंबांत तीन थेंब!

नवीन पोरं म्हणतात पाणी डोळ्यांना दिसतंच की. कसलं दिसतंय? छोट्या पिस्टन इंजिनच्या विमानांचं पेट्रोल, अ‍ॅव्हगॅस 100 एलएल, निळं असतं, पण आपलं जेट विमानांचं फ्युएल जेट ए-1 जवळजवळ बिनरंगी, एखाद्याने अख्खा जार पाण्याचा धरला तर तोसुद्धा डोळ्यांनी बघायच्या टेस्टमध्ये क्लिअर अँड ब्राइट (स्वच्छ, चमकदार) म्हणून पास होईल, वास घेतला नाही तर. आणि जेट ए-1 चा फ्रीझिंग पॉइंट उणे 47 अंश सेल्सिअस असला तरी त्यातलं पाणी काही तेवढी वाट बघत नाही, वर टाकी गार पडली की त्याचा बर्फ.

आता ही काय करत नाही तेही सांगतो. विरघळलेलं पाणी हिला कळत नाही. 2008 मध्ये लंडनच्या हीथ्रोला बोइंग 777 विमान रनवेच्या अलीकडेच उतरलं ना, त्यातलं फ्युएल टेस्टला बरोबरच होतं, तरी बर्फ साचून इंजिनांचा फ्युएल पुरवठा कमी पडला.

माझी तक्रार कॅप्सूलवर नाही, सप्लायरवर आहे. मागच्या पावसाळ्यात एका सप्लायरने एक्स्पायरीला जेमतेम तीन आठवडे उरलेला माल गळ्यात मारला, फोन केला तर म्हणे चालतं हो. नाही चालत!

आणि कॅप्सूल ज्या ट्यूबमध्ये येतात तिचं झाकण लगेच लावा, आपल्याकडच्या जुलैच्या हवेत उघडी राहिली तर कागद फ्युएल न बघताच हिरवा पडायला लागतो, मग उगाच फेल समजून दोन-दोनदा सॅम्पल काढत बसायचं आणि तिकडे इंजिनियर घड्याळ दाखवतोय. रात्री एप्रनच्या, म्हणजे विमानं उभी असतात त्या जागेच्या, पिवळ्या लाइटखाली रंग ठरवू नका, पांढरा टॉर्च ठेवा जवळ. पाचपैकी साडेचार, अर्धा त्या सप्लायरमुळे कापला.