१५ किलोचं कमर्शियल वॉशिंग मशीन: वर्षभर लॉजच्या चादरी धुतल्यावर

शिर्डीतल्या लॉजच्या चादरी, अभ्रे, टॉवेल धुण्याचं आमचं काम. गुरुवार, जोडून आलेल्या सुट्ट्या, रामनवमी, गुरुपौर्णिमा म्हटलं की गाठोडी दाराबाहेर येतात. मशीन १५ किलोचं, समोरून दाराचं, थ्री फेज, इन्व्हर्टर ड्राइव्हवर (मोटरचा वेग कमी-जास्त करणारा इलेक्ट्रॉनिक डबा) चालणारं, खाली काँक्रीटमध्ये बोल्ट मारून बसवलेलं. धुलाईला नाव ठेवायला जागा नाही. पिळणं मात्र मध्यम. बोल्टवाल्या मशीनचा पिळायचा वेग स्प्रिंगवर तरंगणाऱ्या मशीनपेक्षा कमी असतो, त्यामुळे टॉवेल ड्रायरमध्ये जास्त वेळ खातात. विकणारा हे सांगत नाही, गॅसचं बिल सांगतं.

वर्षभरात सगळ्यात जास्त शिकवलं ते बिघाडांनी. स्क्रीनवरचा एरर खोटा नसतो, अर्धवट असतो. पाणी वेळेत भरलं नाही, दार बंद झालेलं कळलं नाही, एवढंच तो बोलतो. पुढचं आपण शोधायचं. आणि दर वेळी येणारा मेकॅनिक आधी 'कार्ड गेलंय' म्हणतो, म्हणजे मशीनचा इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्ड. आमचं कार्ड अजून तेच आहे.

सगळ्यात जास्त छळलं ते दाराने. सायकल संपलेली, ड्रम थांबलेला, आत पाणी दिसत नाही, तरी लॉक सुटेना. सगळ्यांचा संशय लॉकवर. खरी भानगड मागच्या बाजूला होती. टबच्या खालून एक बारीक रबरी नळी पाण्याची पातळी मोजणाऱ्या सेन्सरकडे जाते. पाणी चढलं की नळीतली हवा दाबली जाते, त्या दाबावरून मशीन पातळी ओळखतं. नळीच्या तोंडाशी साबण आणि लिंट (कपड्यांचे सुटलेले बारीक तंतू) साचून करडा, बुळबुळीत बोळा झाला होता. दाब आत कोंडला, म्हणून मशीनच्या हिशेबाने टब अजून भरलेलाच, मग ते दार कसं उघडणार? मेन स्विच बंद करून नळी दोन्ही टोकांनी काढली, कोमट पाण्याने धुतली, पूर्ण सुकवून लावली. दार लगेच उघडलं. नळी सेन्सरला लावलेली असताना फुंकू नका, आतला पडदा फाटतो. आणि दाराचा स्विच वायर जोडून 'डायरेक्ट' करून देतो म्हणणाऱ्याला तिथूनच परत पाठवा. फिरत्या ड्रममध्ये हात गेला तर तो सलामत राहत नाही.

पाणी भरायला उशीर लागतो तो बहुतेक वेळा आमच्या बोअरमुळे. पाणी जड, क्षाराचं, शिवाय बारीक रेती. पाणी आत घेणाऱ्या इनलेट व्हॉल्व्हला जिथे पाइप लागतो तिथे एक छोटी जाळी असते. कॉक बंद करा, पाइप सोडवा, जाळी पकडीने हळूच ओढा, लिंबूसताच्या पाण्यात भिजत ठेवा आणि जुन्या टूथब्रशने घासा. जाळी स्वच्छ असूनही पाणी येत नसेल तर लाइट बंद करून व्हॉल्व्हची कॉइल मल्टीमीटरवर तपासा. २३० व्होल्टच्या कॉइलचा रेझिस्टन्स साधारण तीन-चार हजार ओहम येतो. काहीच दाखवत नसेल तर कॉइल जळालेली. हीटरवरही हाच क्षार बसतो. पाण्याचा जडपणा काढणारा सॉफ्टनर मशीनबरोबरच घ्या, नंतर घेऊ म्हटलं की राहून जातं.

उलटी तक्रारही येते: पाणी येतंय पण पातळी चढत नाही. मग पाणी बाहेर सोडणारा ड्रेन व्हॉल्व्ह बघायचा. भरताना गटाराच्या पाइपाच्या तोंडाशी पाणी वाहत असेल तर व्हॉल्व्ह नीट बसत नाहीये. आमच्याकडे त्यात हेअरपिन, नाणी, रुद्राक्षाचे मणी सापडतात, आणि उदीच्या पुड्या तर हमखास. भक्त उशीखाली ठेवतात आणि खोली सोडताना विसरतात. आता गाठोडं सोडलं की प्रत्येक अभ्रा उलटा करून झटकायचा, हा नियम आहे. आमच्या मशीनचा हा व्हॉल्व्ह लाइट गेली की आपोआप उघडणारा आहे. अडकून पडण्यापेक्षा बरं, पण मधेच लाइट गेली की गरम पाणी आणि साबण दोन्ही गटारात. तुमच्याकडे लाइटचा भरवसा नसेल तर घेण्याआधी हे विचारून घ्या.

पिळताना मशीन नाचायला लागलं तर आधी आत काय घातलंय ते बघा. एकटं जाड ब्लँकेट टाकलं की ते एका बाजूला गोळा होतं. भार फार कमी असला तरी तोल जातो, कोंबून भरला तर कपडे स्वच्छ निघतच नाहीत. भार ठीक असूनही हादरे येत असतील तर फाउंडेशनचे बोल्ट. आम्ही दर महिन्याला पाना लावतो आणि दर वेळी एखादा तरी सैल निघतो.

बेअरिंगचं दुखणं आधी मागे दिसतं. ड्रमच्या मागे, शाफ्टखाली तांबूस गंजाचं पाणी ठिबकायला लागलं की ऑइल सील (पाणी बेअरिंगपर्यंत जाऊ न देणारी रबरी रिंग) गेलं समजा. तेव्हाच सील बदललं तर बेअरिंग वाचण्याची आशा असते. घरघर ऐकू येईपर्यंत थांबलात तर दोन्ही बदलायची, आणि ड्रम बाहेर काढायचा म्हणजे धंदा बंद.

ड्राइव्हच्या डब्याला मी स्वतः हात लावत नाही. मेन बंद केल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये काही मिनिटं करंट टिकून राहतो. पंख्यावरचं लिंट तेवढं बाहेरून ब्लोअरने उडवतो. पावसाळ्यात एखादी फेज गेली की ड्राइव्ह ट्रिप होतो. ते योग्यच करतो, त्याला रीसेट मारत बसू नये, वायरमनला बोलवावं.

कंपनीच्या सर्व्हिसबद्दल काय लिहू? फोन उचलतात, नम्र बोलतात, माणूस येतो तो गर्दी सरल्यावर. दाराचं गॅस्केट, म्हणजे पाणी अडवणारी रबरी कड, वॉरंटीत बसत नाही, हे गॅस्केट फाटल्यावर कळलं.

पुन्हा घेईन का? घेईन, पण १५ किलोचं एक घेण्यापेक्षा लहान दोन. एक बंद पडलं तर दुसऱ्यावर दिवस निघतो. आणि पैसे देण्याआधी पट्टे, ड्रेन व्हॉल्व्ह, ऑइल सील आणि गॅस्केट नाशिक-पुण्यात तयार मिळतात का, की मागवावे लागतात, हे डीलरकडून लिहून घेईन.